लोधिवलीच्या ठमीचा डबा

तीर्थरूप बाबांना मस्कतहून सुप्रियाचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, काळजी नसावी. आईच्या तेराव्यानंतर निघताना तुम्ही तिचा मसाला ज्या डब्यात भरून दिलात, तो आज रिकामा झाला. घासायला घेतला तर तळाशी नाव कोरलेलं दिसलं, ‘ठमी, लोधिवली’. ही ठमी कोण हो? आईला कुठे भेटली? टेंपोत शेजारी बसलेल्या बाईलाही उतरेपर्यंत जेवायला बोलावणारी आपली आई!

नंदाकाकी फोनवर म्हणाली, “भावजी घराभायेर पडत नायत गं.” तुम्ही तर म्हणता, सगळं ठीक आहे. खरं कुणाचं?

कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आईचा नेम. हे एकच राहून गेलं. आपल्या भिसेगावचा साईराज सुट्टीवर येतोय, त्याच्याकडे डबा आणि ही चिठ्ठी देते. डब्यात आपल्या शेतातले वाल भरा आणि लोधिवलीला तुम्हीच जा. ठमी जेवायला थांबवेल, नाही म्हणू नका. निघताना तीही तिच्या एखाद्या भांड्यात काहीतरी देईलच. मग ते परत करायला पुन्हा जावं लागेल.

आईने एवढी माणसं अशीच जोडली असतील का हो, बाबा?

तुमची लाडकी,
सुप्रिया