सोमवारपर्यंत कोनला

प्रिय आये,

शाळेत ‘प्रिय आई’ लिहायला शिकवलं होतं, पण तुला मी आई म्हणून हाक कधी मारली? मग आता कशाला? आज रविवार, दुपारचं सगळं आवरून बसलेय. उद्या मला मोबाईलच्या दुकानात जाऊन एक खोटं निस्तरायचंय. ते तुझ्याबद्दलचं आहे, म्हणून आधी तुलाच सांगते.

मी नवा फोन घेतला. त्यात कार्डाला जागा एकच. तिथे मी काम करते त्या वडप्याच्या गोदामातून ड्युटीसाठी मिळालेलं सिम बसलं. माझा स्वतःचा नंबर आता ई-सिम करायचाय. म्हणजे कार्डच नाही, फोनच्या आत शिवून टाकल्यासारखं. कोड स्कॅन केला की नंबर आपोआप आत उतरतो. तू असतीस तर पहिलं विचारलं असतंस, “आन् हरवला तं शोधायचा कुटं?” खरंच गं, कुठे शोधायचा?

गुरुवारी काल्हेरच्या नाक्यावरच्या दुकानात गेले. चष्मेवाल्या दुकानदाराने नंबर टाकला आणि मान वर केली. “मॅडम, ये तो हिराबाई के नाम पे है. कौन है?”

“आई आहे माझी.”

“उनको लेके आओ. फोटो लगेगा. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायचे, बस. दो मिनिट का काम है.”

आये, तेव्हाच सांगता आलं असतं. तुला जाऊन पावणेदोन वर्षं झाली. पण तो इतक्या सहज ‘लेके आओ’ म्हणाला, जणू तू बाहेर रिक्षात बसली आहेस. माझ्या तोंडून निघून गेलं, “ती माहेरी गेलीय. कोनला.”

“कब आयेंगी?”

“सोमवारी.”

नंबर तुझ्या नावावर आहे हे मी विसरूनच गेले होते. अंजूरफाट्याला छत्री लावून बसलेल्या माणसाकडून आपण ते सिम घेतलं, आठवतं? माझ्या आधारवर जन्मतारीख चुकलेली, म्हणून तू पुढे झालीस. कोळंबी सोलून सोलून तुझ्या अंगठ्याच्या रेषा पुसट झालेल्या, मशीन काही घेईना. तू पदराला अंगठा पुसायचीस, परत ठेवायचीस आणि त्या माणसालाच झापायचीस, “तुजी मशीनच आंधली हाय.” मी म्हटलं, राहू दे, तुझ्या लेकाच्या, जितूच्या नावावर घेऊ. तर म्हणालीस, “नाव माजा काय, तुजा काय, घरानच हाय ना?”

म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या नावाने बोलत होते. गोदामातून मुलाखतीचं बोलावणं आलं ते तुझ्या नावावर. तुझ्याशीच भांडून मधेच फोन कापला, तोही तुझ्याच नावावर. हसतेस ना?

दुकानातून निघाले आणि काय झालं सांगू? हलकं वाटलं. रिक्षात बसल्या बसल्या मनात आलं, बरं झालं, आये गेली एकदाची चार दिवस माहेरी. शुक्रवारी पार्सलांवर स्कॅनर मारताना तू कोनला मामीच्या ओट्यावर दिसत होतीस. पाय पसरून, केस मोकळे सोडून, समोरच्या कल्याण रस्त्यावरच्या ट्रकांपेक्षा मोठ्या आवाजात कुणाची तरी खोडी काढत. घरी तुला तसं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. काल भाकरीला पीठ घेतलं ते एकटीपुरतंच, आणि पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं नाही. तू येणारच होतीस ना!

किती वेळा म्हणाली होतीस, “बाय, चार दिस कोनला सोड गं मना.” काल्हेरहून कोन असं किती लांब? पण माझं आपलं एकच, या आठवड्यात डबल ड्युटी आहे, पुढच्या महिन्यात बघू. तूही वेडीच. जितूला फोन करून बोलावून घ्यायचं नाही का, त्याने ठाण्याहून येऊन सोडलं असतं. पण माझ्या डब्याचं कोण बघणार म्हणून बसून राहिलीस. चूक माझी आहे, आये. तरी थोडा राग तुझाही येतो.

तुझा मृत्यूचा दाखला जितूने आणला, तेव्हापासून तो कपाटात आहे. त्याची घडी मी उघडलेली नाही. सगळ्यांना फोनही त्यानेच केले. त्यामुळे ‘ती वारली’ असं माझ्या तोंडाने मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. भेटणाऱ्यांना आधीच ठाऊक असायचं. त्या चष्मेवाल्याला ठाऊक नाही. त्याच्यासमोर दाखला ठेवून मलाच सांगावं लागणार. मग तो नंबर माझ्या नावावर करील आणि तुझ्या नावाचं कार्ड बंद होईल.

सकाळी वाटलं, जाऊच नये. जुनाच फोन वापरावा आणि तुला कोनला ठेवून द्यावं. पण आये, तिथल्या ओट्यावरही तू नाहीस, हे मला कळतं गं.

म्हणून तुला शब्द देते. उद्या मी जाईन, जितूला पाठवणार नाही. दाखला आधी स्वतः पूर्ण वाचीन, तुझं नाव, तारीख, सगळं. मग त्या माणसाला सांगेन की मी खोटं बोलले, माझी आई वारली. रडू आलं तर येऊ दे.

आजचा दिवस मात्र तू कोनलाच राहा. घाई करू नकोस. दुकान उद्या अकराला उघडतं.

तुझी,
दर्शना