मधल्या खोलीतलं मीठ

देवगाव रंगारी,
९ डिसेंबर १९८८

चि. मंदा हिला आशीर्वाद.

आज शुक्रवार. सकाळी गुरांचा दवाखाना उघडला. बिरूच्या दोन मेंढ्यांना औषध पाजलं, एका बैलाच्या खांद्याला मलमपट्टी केली. डॉक्टरसाहेब कन्नडला गेले होते, म्हणून लवकर बंद केला. घरी येऊन वरणभात केला आणि जेवलो.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्याला कारण काही नाही. लिहायला बसलं की सांगण्यासारखं काही सापडत नाही आणि कागद तसाच राहतो. पूर्वी तुझी माय सांगायची आणि मी लिहायचो. अक्षर माझं असलं तरी मजकूर तिचाच असायचा, हे तुला आता कळेलच.

जाताना तू स्वयंपाकघर लावून दिलंस ते सोयीचं आहे. स्टोव्हपाशी बसलं की सगळं हाताशी येतं. तू खिळे ठोकून लाल दोरा फिरवलेली ती लाकडी पाटी भिंतीवर तशीच आहे. शेजारच्या भागूबाईने विचारलं, हे देवाचं आहे का. मी म्हणालो, मंदाच्या कॉलेजचं आहे. तरी तिने हळदकुंकू लावलं.

तब्येत ठीक. थकवा वाटतो, तो वयाचा आहे. अभ्यासाकडे लक्ष दे. इकडची काळजी करू नको.

माया आहे तशीच राहू दे.

दादा


उस्मानपुरा, औरंगाबाद,
१७ डिसेंबर १९८८

ती. दादांच्या पायांवर डोकं ठेवून मंदाचा नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही ठीक म्हणून लिहिता, पण भागूबाईमावशी काल नातीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन आली होती, ती खोलीवर येऊन गेली. तिने वेगळंच सांगितलं. मी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशीच तुम्ही मिठाची बरणी उचलून पुन्हा मधल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवलीत म्हणे. संध्याकाळी तिथंच खुर्चीवर बसून असता आणि आत स्टोव्ह पेटलेला नसतो. तिने आणून दिलेली भाकरी सकाळी तशीच झाकलेली सापडते. बिरूमामा म्हणाला की साहेब, माझी आजारी मेंढीसुद्धा तुमच्यापेक्षा जास्त खाते, तेव्हाही तुम्ही हसला नाहीत. दादा, मेंढ्यांचं औषध स्वतःवर चालवू नका. एवढीच चेष्टा मला आज जमते आहे.

त्या पाटीबद्दल नीट सांगायचं राहिलं. आम्हाला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला कामाचा अभ्यास असा एक विषय आहे. चिकलठाण्याच्या कारखान्यात जायचं, कामगार कुठून कुठं जातो ते बघायचं. मग जागेच्या नकाशावर खिळे ठोकून त्याच्या प्रत्येक फेरीला दोरा फिरवायचा. दोरा जिथं दाट होतो, तिथं माणसाची चाल वाया जाते. त्या दोन जागा जवळ आणायच्या. मायच्या रोजच्या फेऱ्या मनाशी धरून मी आपल्या घराचा दोरा तसाच फिरवला. चूल आणि मधली खोली यांच्यामध्ये तो सगळ्यात दाट झाला. चिमूटभर मिठासाठी ती जन्मभर केवढी चालली, हे बघून मला रडू आलं. निदान तुम्हाला ती चाल पडू नये म्हणून बरणी स्टोव्हपाशी आणली.

तेरावा होतो न होतो तोच मी तिच्या घराला हात लावला, हे चुकलं असेल. रागावला असाल तर तसं लिहा.

मी एक ठरवलं आहे. हे तिसरं वर्ष अर्ध्यावर सोडून घरी येते. कारखान्यांची चाल वाचवायला वर्गात मुलं पुष्कळ आहेत. तुम्हाला दोन वेळा गरम वाढणारं घरात कोणी नाही. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले की आधी वडिलांना विचार. म्हणून विचारते आहे, पण माझं मन पक्कं झालं आहे.

रागावलात तरी माया कमी करू नका.

मंदा


देवगाव रंगारी,
२१ डिसेंबर १९८८

चि. मंदास आशीर्वाद.

पत्र मिळालं. शिक्षण सोडायचं नाही. मी रागावलेलो नाही. बरणी सवयीने परत गेली, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. भागूबाईचं लक्ष असतं हे बरंच आहे, पण ती थोडं वाढवून सांगते. इकडे थंडी पडली आहे. दवाखान्यात लाळ्याच्या रोगाची जनावरं येतात, फुरसत मिळत नाही, म्हणून आज इतकंच.

स्वेटर घालत जा. लोभ आहेच.

दादा


उस्मानपुरा, औरंगाबाद,
२६ डिसेंबर १९८८

ती. दादांना मंदाचा वाकून नमस्कार.

तुमच्या पत्राने समाधान झालं नाही. सवय म्हणता, पण तेलाचा डबा आणि काडेपेटी सवयीने परत गेली नाही, एकटी बरणीच गेली. तेही मावशीनेच सांगितलं आहे, आणि ती डोळ्यांनी पाहिलेलं वाढवून सांगत नाही.

चार दिवस वर्गात बसून पाहिलं. सर फळ्यावर वाया जाणाऱ्या हालचालींचे प्रकार लिहीत होते आणि मला तुम्ही खुर्चीवर बसलेले दिसत होतात. पुढचं काही उतरवून घेतलं गेलं नाही. ट्रंक भरली आहे. येत्या रविवारच्या सकाळच्या गाडीने निघते.

बरणीचं खरं काय ते सांगाल तर थांबेन. सांगितलं नाहीत, तर मला येऊनच बघावं लागेल.

तुमची मुलगी आहे, हट्ट तुमच्याकडूनच आला आहे. माफी असावी.

मंदा


देवगाव रंगारी,
२९ डिसेंबर १९८८

चि. मंदा हिला अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र उद्या पहाटेच्या गाडीवरच्या बन्सी कंडक्टरच्या हाती देणार आहे. अशा गोष्टी मी कधी कोणाला सांगितलेल्या नाहीत. मांडणी नीट होणार नाही, समजून घे.

चुलीच्या वाफेने मिठाला पाणी सुटतं, म्हणून बरणी पहिल्यापासून मधल्या खोलीत. तू घरी होतीस तेव्हा मीठ आणून द्यायचं काम तुझं होतं. अकरावीला तू शहरात गेलीस आणि ते माझ्याकडे आलं. दवाखान्यातून आलो की मी मधल्या खोलीत खुर्चीवर बसायचो. आम्ही दोघं फार बोलणारी माणसं नव्हतो. वरणाला उकळी आली की ती आतून म्हणायची, "मीठ राहिलं बरं का." मी वाटीत मीठ घेऊन आत जायचो आणि तिथंच पाटावर बसायचो, ते जेवण होईपर्यंत. दिवसभराचं जे काही बोलणं, ते तेवढ्यात व्हायचं. तुला पत्रात काय लिहायचं तेही तिथंच ठरायचं.

एकदा तिचे गुडघे दुखत होते म्हणून मी बरणी चुलीपाशी फळीवर नेऊन ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कोनाड्यात. मी विचारलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग तुमी आत कशाला यायचे?"

तुझा दोरा बरोबर फिरला आहे. तू इथं नव्हतीस, तेव्हा मीठ कोण आणतं हे तुला कसं कळणार? ती दाट चाल तुझ्या मायची नाही, माझी आहे.

बाकी सगळं तू ठेवलंस तिथंच आहे आणि त्याने खरोखर बरं पडतं. बरणी तेवढी जागेवर नेली. पण हाक येत नाही, म्हणून बसून राहतो. भागूबाई बघते ते एवढंच. ती वाढवून सांगते असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं.

तू आलीस तर तू हाक मारशील, मी उठेनही. पण तुझं शिक्षण जाईल. पोलीस ॲक्शनच्या साली, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, आमची शाळा बंद पडली. उघडली तेव्हा उर्दूची मराठी झाली होती. मी मागे पडलो, तो पडलोच. सातवीवर या दवाखान्यात लागलो. दोष कोणाचा नव्हता. तुझ्या मायने मला अनेकदा बजावलं होतं की मंदाचं मध्येच तुटू देऊ नका. तिचं सांगितलेलं तेवढं एकच काम माझ्याकडे उरलं आहे. ते काढून घेऊ नको.

माझ्याकडून कबूल करतो की संध्याकाळी स्टोव्ह पेटवीन आणि जेवेन. भागूबाईला पाळत ठेवायला सांगितलं तरी हरकत नाही, नाहीतरी ती ठेवतेच. ट्रंक रिकामी कर. सुट्टीत ये, तेव्हा ती पाटी मला नीट समजावून सांग. हळदकुंकू पुसायचं मात्र नाही, भागूबाईला वाईट वाटेल.

स्टोव्ह पेटवून, वरण चढवून मग लिहायला बसलो आहे.

जीव लावत राहा.

दादा

ता. क. आत उकळी आल्याचा आवाज येतो आहे. मीठ घेऊन जातो.