सबीनाचं जावळ

ओरुरो, १३ नोव्हेंबर १९८८

ती. इसिदोराताईस,
धाकट्या मेल्चोरचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी ऑगस्टपासून लिहितोय. ऑगस्टात कागद नव्हता. सप्टेंबरात कागद मिळाला, पण त्यावर कुणीतरी भाजलेले दाणे बांधून दिले. खरं सांगायचं तर कागदही होता आणि वेळही होता, मीच टाळत होतो. तुझं पत्र आलं की आधी शेवटची ओळ वाचतो आणि तिथं सबीनाचं नाव दिसलं की घडी घालून खिशात ठेवतो. खिसा आता चांगलाच फुगलाय.

तिचं जावळ मीच काढायचं, हे मला मान्य आहे. पाच वर्षांपूर्वी ती तुझ्या पाठीवरच्या गाठोड्यात होती. तू आणि दाजी पावाची टोपली नि चघळायला कोकाची पानं घेऊन आलात, तेव्हा मी दोन दिवसांचा उपाशी होतो. तुमचं मागणं बोलून व्हायच्या आत माझे तीन पाव झाले होते. पाव खाल्ला म्हणजे शब्द दिला, आणि शब्द दिल्यावर पहिली बट त्याच माणसानं कापायची, ही आपली रीत मला चौथा पाव खाताना आठवली. तोवर उशीर झाला होता.

तर मी निघालो होतो. ओरुरोला लॉरी बदलायची होती. तिथं कार्निवलच्या बँडची तालीम चालली होती, आणि त्यांच्या ढोलवाल्याचा पाय मुरगळलेला. एकानं मला हाक मारली की जरा ढोल धर. आपल्या ओर्तेन्सियाबाई रविवारच्या धर्मवर्गात काय सांगायच्या, आठवतं ना? वाटेत कुणी हाक मारली तर थांबा, देव हाक मारताना आपलं नाव सांगत नाही. ही एक ओळ मला अकरा वर्षं पुरली आहे. मी थांबलो. ढोल धरून तीन आठवडे झाले.

पुढच्या गुरुवारच्या लॉरीनं येतो. दाजींना नमस्कार, सबीनाला गोड पापा. माझ्यावरचा लोभ लॉरी येईपर्यंत तरी राहू द्यावा.

तुझा,
मेल्चोर


काल्चावी, ४ डिसेंबर १९८८

चि. मेल्चोरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुढचा गुरुवार कधीच येऊन गेला, त्यानंतरचेही दोन गेले. सबीना दर गुरुवारी रस्त्यावर जाऊन उभी राहते. लॉरीतून उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाला विचारते की तू माझा मामा का. परवा बटाटे घ्यायला आलेला एक म्हातारा नाही म्हणाला, तर तिला ते खोटंच वाटलं.

केस आता कमरेखाली गेलेत. कात्री लागली नाही आणि गाठी झाल्यात, म्हणून फणीही चालत नाही. गेल्या आठवड्यात त्यातून एक वालाचा दाणा निघाला, त्याला मोड आला होता. तुझ्या दाजींना वाटलं, रीत राहू दे बाजूला. मेंढ्यांची कात्री घेऊन तिच्यामागे गेले, तर तिनं अंगठ्याला चावा घेतला. ते आता मेंढ्या डाव्या हातानं कातरतात. मेंढ्यांकडे बघवत नाही.

हसू नकोस. सहा फेब्रुवारीला, सोमवारी, शाळा उघडते. नवे मास्तर भले गृहस्थ आहेत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलंय की असल्या केसांनी मूल वर्गात बसणार नाही, उवा सगळ्यांना होतील. गेलं वर्ष ती शाळेच्या भिंतीला बाहेरून पाठ लावून बसायची आणि आतली पोरं म्हणतील ते म्हणायची. पाढे तिला येतात, पण मास्तर कसे दिसतात ते ठाऊक नाही. आणखी एक वर्ष मी तिला भिंतीबाहेर बसवणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगावं म्हटलं तर सगळे विचारतात, पाव कुणी खाल्ला?

बाईंची ओळ मला शिकवू नकोस. ती ऐकताना तू अर्धा वर्गात होतास नि अर्धा भिंतीवर.

लोभ आहे. पण तो दर गुरुवारी थोडा कमी होतो, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई,
इसिदोरा


किल्याकोयो, ८ जानेवारी १९८९

ती. ताईस सा. न. वि. वि.

गावाचं नाव वाचून रागावू नकोस. बँडला इथं एका लग्नाचं आमंत्रण होतं. बँड परत गेला, मी राहिलो. सध्या मी घरापासून आधीपेक्षा थोडा लांब आहे.

झालं असं, की वीटभट्टीजवळ एका म्हातारीचं छप्पर वाऱ्यानं उडालं होतं आणि ती अंगणात बसून आल्यागेल्याला हाका मारत होती. मी थांबलो. छपरावर चढल्यावर कळलं की मला कौलं बसवता येत नाहीत. आता येतात. पहिल्या तीन ओळी उलट्या बसवल्या होत्या, त्या काढून पुन्हा बसवल्या. बाई म्हणायच्या, चुकलेलं काम उकलतानाही देवाचं नाव घ्यावं, तो त्या कामातही असतो. माझ्या कामात तो बराच वेळ होता. म्हातारी सकाळी मका उकडते, वर चुरचुरीत चटणी देते आणि तिचा मेलेला नवरा माझ्यापेक्षा किती सरळ ओळी लावायचा ते सांगते. तिची एक बदकीण आहे, ती फक्त मला चावते. हे सांगायचं नव्हतं.

ताई, सबीनाची मला काळजी आहे. म्हणून लॉरीवाल्याबरोबर कात्री पाठवतोय. नवी आहे, मुठीला लाल लोकर गुंडाळलीय, आपल्याकडे गुंडाळतात तशीच. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय की मी, मेल्चोर, पाव खाल्लेला माणूस, पहिली बट कापायचा माझा हक्क माझ्या बहिणीला देतो. खाली सही केलीय आणि म्हातारीचा अंगठा घेतलाय.

खरं कारणही लिहितो, म्हणजे खिसा रिकामा होईल. जो पहिली बट कापतो त्याचा गुण मुलात उतरतो म्हणतात. माझा कुठला गुण उतरवायचा? चार गावं फिरलो, सहा धंदे धरले, एकही पुरा शिकलो नाही. पोरगी माझ्यासारखी झाली तर पाढेसुद्धा निम्म्यात सोडून कुठल्यातरी ढोलामागं जाईल. तू काप, ताई. तू एका जागी राहतेस.

राग धर, पण लोभही धर.

मेल्चोर


काल्चावी, २२ जानेवारी १९८९

चि. मेल्चोरास अनेक आशीर्वाद.

कात्री मिळाली. चांगली धार आहे. सबीनानं ती उशाशी ठेवली आणि विचारलं, मामा मागून येणाऱ्या लॉरीत आहे का? मी म्हटलं, नाही. मग तिनं चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली. मी सगळी वाचली. तिला चावायला कुणी समोर नव्हतं.

मी कापणार होते. केसांचे नऊ पुंजके करून रिबिनी बांधल्या, पाट मांडला, कात्री उचलली. पोरगी रडली नाही. फक्त म्हणाली की आई, तू पाव खाल्लेला नाहीस. मी कात्री खाली ठेवली.

मग तुझं पत्र घेऊन ओर्तेन्सियाबाईंकडे गेले. त्या आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. गुडघ्यांमुळे चर्चच्या पायऱ्या बसून चढतात, आणि प्रत्येक पायरीवर कुणालातरी झापतात. मी मोठ्यानं पत्र वाचलं. बदकिणीशी आल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, गुण उतरायला माणूस समोर लागतो, कात्रीत गुण नसतो. आणि त्या ओळीला दुसरा अर्धा भाग आहे म्हणे. पोरानं अर्धीच ओळ उचलली आणि अकरा वर्षं तीच घासली, असं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. दुसरा भाग मी विचारला, तर म्हणाल्या की ज्याचा आहे त्यालाच देईन. कात्री त्यांनी ठेवून घेतली आणि तू नक्की कुठल्या वीटभट्टीजवळ आहेस ते विचारलं. मी सांगितलं.

सहा फेब्रुवारी सोमवारी आहे, हे पुन्हा लिहिते.

इसिदोरा


किल्याकोयो, २ फेब्रुवारी १९८९

ती. ताईस सा. न. वि. वि.

यावेळी उशीर केला नाही, तुझं पत्र काल मिळालं आणि आज उत्तर लिहितोय. छपरावर बसून लिहितोय, कारण शेवटची एकच ओळ राहिलीय. ती लावली की निघतोच. तू तो पाट मांडलास, हे वाचल्यापासून कौलं वाकडी बसतायत. म्हातारीनं खालून दोनदा विचारलं की पोटात दुखतंय का. मी म्हटलं, हो.

बाईंच्या ओळीला दुसरा भाग होता, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी भिंतीवर होतो खरा. पलीकडे कुणाचं तरी गाढव सुटलं होतं. काय असेल तो भाग, याचा रात्रभर

इथं थांबलो होतो, आता पुढं लिहितो. भट्टीपाशी आपल्याकडची लॉरी येऊन उभी राहिलीय. मागच्या फळीवरून बटाट्यांच्या पोत्यांवर बसत बसत, एकेक पोतं खाली येत, ओर्तेन्सियाबाई उतरल्या. लॉरीवाल्याला झापतायत. त्यांच्यामागून नऊ रिबिनी बांधलेलं एक मोठं जावळ उतरलं, त्याच्याखाली पोरगी आहे. एका हातात लाल लोकरीची कात्री, दुसऱ्या हातात पाव. ताई, तू पत्रात अवाक्षर काढलं नाहीस.

बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. अंगणात उभ्या राहून, मान वर करून, भिंतीवरच्या पोराला सांगावं तसं मला दुसरा अर्धा भाग ओरडून सांगितला. घरून कुणी हाक मारली तर निघा. तिथं तो तुमचं नाव घेऊन हाक मारतो.

बदकीण बाईंच्या वाटेतून बाजूला झाली. सबीना शिडीच्या तळाशी उभी आहे. तिनं मला विचारलं नाही, मामा का म्हणून. ती सरळ मेल्चोरमामा, मेल्चोरमामा म्हणून हाका मारतेय आणि पाव वर धरलाय. मी इथूनच विचारलं की हा कशासाठी. यावेळी खायच्या आधी विचारलं, एवढं दाजींना सांग.

लोभ आहे तसाच असावा. खाली उतरतो.

मेल्चोर