मानेचा बंदोबस्त

सोमवार, ता. ८ जानेवारी १९३४

शेठच्या जावयांनी पेढीचा कारभार हाती घेतला आणि आज गाद्या उचलल्या. गादी, तक्क्या, मांडीपुढचं उतरतं डेस्क, सगळं माळ्यावर. जागी टेबलं-खुर्च्या. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना पत्रं आणि लुगड्यांच्या गाठींवरचे पत्ते, हे माझं काम. ते करता करता केस त्या गादीवरच पांढरे झाले.

संध्याकाळी मान दगड, खांदा लोखंड. निदान : टेबल.

जावईसाहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघू ज्ञानबाराव, जमतंय का ते. जमायचं काय त्यात? इथल्या सात रस्त्याच्या चौकापासून मंगळवेढ्यापर्यंत माझ्या अक्षराला तोड नाही.

संकल्प : बैठक शास्त्रशुद्ध करणे.

मंगळवार, ता. ९

पाय खाली सोडले की विचारही खाली उतरतात. म्हणून खुर्चीतच मांडी घातली. फार बरं वाटलं. मंगळवेढ्याची शाळा आठवली. धूळपाटी पुढ्यात, पंतोजींच्या मागून अख्खा वर्ग आर्या म्हणतोय, आणि कुणाचीही मान दुखत नाही.

तेवढ्यात थोरले शेठ आले. उठून उभं राहायला हवं. गुडघे खुर्चीच्या हातांत अडकलेले. मी उठलो, खुर्चीही उठली. शेजारच्या टेबलाचा कारकून ईश्वरप्पा, त्याने मागून ओढून ती सोडवली. शेठ म्हणाले, बसा, बसा. पण आता बसायला खुर्ची नव्हती.

शुक्रवार, ता. १२

मांडीमुळे खुर्ची टेबलापासून लांब राहते, हा मोठाच फायदा. कागद लांब असला की अक्षर कसं मोकळं वाटतं. जवळ आणला की मुंग्यांचं वारूळ. शाई पातळ झाली आहे. वह्यांच्या रेषाही हल्ली पुसट छापतात. विलायती माल, दुसरं काय!

माळ्यावरून जुनं डेस्क काढून टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवलं. मान मागे, हात पुढे. हात पोचायला जरा कमी पडतो. तो दोष हाताचा.

रविवार, ता. १४, संक्रांत

गड्ड्याच्या जत्रेला गेलो. गर्दीत बायकोने, आमच्या बजाबाईने, मला थेट चष्मेवाल्यापुढे नेऊन उभं केलं. म्हणाली, "तुमची मान न्हाय वो दुकत. दिसंना झालंय तुमाला. काल ताटातलं तिकट मीट म्हनून भाकरीवर घेतलं."

लांबून मिरवणुकीतला उंच नंदीध्वज येत होता. मी तिला त्याच्या शेंड्यावरची फुलं सांगितली, रंगासकट. चष्मेवाला हसला. ती पुढं चालू लागली.

चष्मा लावून पेढीवर जायचं म्हणजे जावईसाहेबांना आयतंच निमित्त. म्हातारा झाला म्हणतील. लहानपणी शाळू राखायला माचावर बसायचो, तेव्हा पलीकडच्या शिवारातलं पाखरू ओळखायचो. ते डोळे कुठं जातात?

गुरुवार, ता. १८

हाताचा प्रश्न सोडवला. टाकाला वीतभर वेळू जोडून सुतळीने बांधला. आता डेस्क लांब, मान सुखी, हात सुखी. अक्षर किंचित थरथरतं. त्याला डौल म्हणावं.

भिंतीवर लावायला श्लोक रचला :

बसावे सदा ताठ ठेवूनि पाठी,
न वाको कधी मान कामाचसाठी.

'च' भरीचा आहे. पंतोजींनी छडी उगारली असती, पण वृत्त सांभाळलंय म्हणून खाली ठेवली असती.

ईश्वरप्पाने सगळ्यांना श्लोक मोठ्याने वाचून दाखवला. मग हळूच म्हणाला, "अण्णा, पत्ते मी लिवू का? तुमी नुसतं सांगा की." पोरांना लई घाई असते जागा धरायची. नको म्हणालो.

मंगळवार, ता. २३

बागलकोटच्या गाठी बार्शीला गेल्या.

बागलकोटला लग्नसराईचं गिऱ्हाईक दुकानात बसून आहे, आणि बार्शीचा व्यापारी तार करतो की ही लुगडी आम्ही मागवली कधी. जावईसाहेबांनी मूळ पत्र आणलं आणि मला वाचायला सांगितलं. मी म्हणालो, मान धरली आहे, वाकता येत नाही. ते म्हणाले, वाकू नका, मी धरतो. आणि कागद माझ्या तोंडासमोर धरला.

म्हणालो, "जरा लांब धरा."

ते एक पाऊल मागे गेले.

"अजून."

ते मागे सरत सरत दाराच्या चौकटीला टेकले. तिथून मला स्वच्छ दिसलं. मी खणखणीत वाचलं : बागलकोट.

त्यांनी पत्राची घडी घातली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ईश्वरप्पा माझ्याकडे बघत नव्हता.

निष्कर्ष : टेबल अजून लांब हवं.

शनिवार, ता. २७

वेळू हातभर केला. दौत सांडली.

बुधवार, ता. ३१

महिनाअखेर. जावईसाहेबांनी माझ्यासाठी वेगळी जागा केली आहे. दाराशी, हवेशीर. रुंद खुर्ची, मांडी मावेल अशी. पाठीला तक्क्या, तोही माळ्यावरून मुद्दाम काढवलेला. आल्यागेल्या व्यापाऱ्यांना बसवायचं, पाणी विचारायचं, जुन्या ओळखी काढायच्या. म्हणाले, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार? समोर कागद नाही. पत्ते ईश्वरप्पा लिहितो. त्याने लिहिलेला एक पत्ता मी दाराशी बसून वाचला. अक्षर बरं आहे.

घरी आल्यावर बजाबाईने तेलाची वाटी निखाऱ्यावर ठेवली आणि मान पुढं करा म्हणाली. मी म्हणालो, नको. आज काही दुखत नाही. तिला खरं वाटेना. तिने खांदा दाबून बघितला, मग बोटं.

कुठंच दुखलं नाही. बोटांना शाईसुद्धा लागलेली नव्हती.