आठमाही मोटार

पौष शु. ४
दामू कारखान्यातून सायकल हाणत आला. (यापुढे नुसतं दा. लिहीन. पोटचा पोरगा आहे, रागावणार नाही.) यंदा कांदा बरा गेला. दा. म्हणतो, "आई, विहिरीवर इंजन बसवू. मोटंचा जमाना गेला." मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून हे म्हणाले, "मोटार घ्या."
यांच्या अंगावरून वारं गेलं त्याला दोन पावसाळे झाले. तेव्हापासून काही मागितलं नव्हतं. डावा हात गेला, डावा पाय गेला, मागणंही गेलं असं मी धरून चालले होते.

पौष शु. ५
विचारलं, कसली मोटार. म्हणाले, "उघडी. टप मागं पडणारी. वारं लागलं पायजे."
वारं! ज्यानं आडवं केलं तेच पाहिजे. इथं मी खिडकीला पोतं ठोकलंय. कानाला मफलर. अंघोळसुद्धा दार लावून. वैद्यबुवांनी बजावलंय, वारं गेलेल्या माणसाला वारं लागू द्यायचं नाही. सगळं भोसरी गाव तेच सांगतं.
मी म्हटलं, "आवं, वाऱ्यानंच नेलं ना हातपाय?"
"मंग त्याच्याकडंच मागतो परत."
मी मफलरचा आणखी एक वेढा दिला.

पौष शु. ९
भाकरी थापताना ती जुनी सर्व्हिस मोटार आठवली. यांची स्वतःची, चाकण ते पुणे. एसटी आली, रूट गेला, मोटार भंगारात गेली. आठवलं ते त्याच्या कितीतरी आधीचं. बाजूला कनातीचे पडदे, आत माणसं, वर नि मागं कांद्याच्या गोण्या, कोंबड्या मिळेल तिथं. मी पहिल्यांदा बसले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसानं ड्रायव्हरशेजारी बसायचं नाही, नवरा असला म्हणून काय झालं. मला मागं दोन गोण्यांच्या मधे कोंबली. मोशीच्या उताराला यांनी पेट्रोल वाचवायला इंजन बंद केलं नि मोटार सोडून दिली. आवाज थांबला. नुसतं वारं. पदर उडाला, अंबाडा सुटला, मी किंचाळले. सगळी मोटार हसली. यांनी मागं वळून बघितलं, एवढंच. सासूबाई महिनाभर बोलत होत्या.
भाकरी करपली.

पौष पौर्णिमा
दा.ला धाडला चौकशीला. तोंड वाकडं करून गेला, पण गेला. दापोडीला एक छोटी विलायती आहे म्हणे. टप चांगला, रंग चांगला. दोन माणसांची. यांनी आतून विचारलं, "क्लच हाय?" दा. म्हणाला, "आबा, क्लच सगळ्यांलाच असतो."
"मंग न्हाई."
क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो, हे मला आज कळलं. एवढी वर्षं त्या मोटारीचं खाल्लं, पण कोणता पाय काय करतो ते कधी विचारलं नाही. पाय चालत होते तोवर पाय होते.

पौष व. ३
दुसरी. लष्कराच्या लिलावातली जीप. स्वस्त. उघडी म्हणजे अगदी भिकाऱ्यासारखी उघडी, टपाचा पत्ताच नाही. क्लच आहेच. दा. म्हणाला, "आबा, मी चालवीन, तुमी शेजारी बसा."
हे म्हणाले, "मला गोणी म्हणून जायचं न्हाई."
दा. उठून ओट्यावर जाऊन बसला. दोघांचंही खरं. मी कुणाची बाजू घेणार.

पौष व. ६
हे म्हणतात अमेरिकेच्या काही गाड्यांना क्लच नसतो. पुण्याच्या गाडीतळावर ड्रायव्हर लोक बोलायचे. गियर आपला आपण पडतो. आटोमाटिक. दा. हसला. म्हणाला, "भाकरी पण आपली आपण पडती का बघा तिथं." मी म्हटलं तसं असेल तर मला आधी सांगा.

पौष व. ११
सापडली! दिघीला लष्करी हद्दीत एक पंजाबी डॉक्टर आहे, त्याची बदली झाली. गाडी अमेरिकेची, हिरवी, केवढी तरी लांब. क्लच नाही. कुणी घेईना म्हणून पडून आहे. कारणं दा.नं बोटांवर मोजून सांगितली: पेट्रोल ढोसते, स्टेअरिंग डावीकडं आहे, आणि टप मागं पडतो पण पुढं यायचं नाव घेत नाही. मधेच अडकतो.
"आई, उलटी गाडी हाय ती."
"उलट्या माणसाला उलटीच लागती."
"आन् पावसाळ्यात? छत्री धरून बसायचं?"
आतून आवाज: "आठमाही हाय. दसऱ्याला काढायची, मृगाला झाकायची."
कॅनॉलचं पाणी आठमाही असतं, ते ऐकलं होतं. मोटार आठमाही पहिल्यांदाच.

माघ शु. २
दिघीला गेलो, बैलगाडीनं. मोटार बघायला बैलगाडी! डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "माताजी, इसमें बायां पैर आराम करेगा." मी म्हटलं दोन वर्षं तेवढंच करतोय.
माळावर गाडी आणली. यांना दा. आणि डॉक्टरनं उचलून आत बसवलं. मीही चढले. काही झालं तर दोघांचं एकदम होऊ दे. स्टेअरिंग डावीकडं म्हणून मी आले यांच्या उजव्या हाताला. यांनी गियरची दांडी ओढली, ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी चालायलाच लागली. कुणी काही न करता, घर माहीत असलेल्या बैलासारखी. मी ओरडले, "हो! हो! हो!" बैलाला करतात तसं. हे हसले. वाकडं हसले, पण हसले.
थांबताना ब्रेक दाबला तेव्हा मी खाली बघत होते. यांची डावी टाच उचलली गेली. हललेली मी बघितली. हे म्हणाले, "क्लच दाबाया चाललाय बघ. जागाच न्हाई त्याला."
पाय खरंच हलला, का गाडीचा गचका बसला, देवाला ठाऊक. दा.ला सांगितलं नाही. सांगितलं की गावभर होणार, वैद्यबुवा बघायला येणार, आणि पाय पुन्हा लपून बसणार.

माघ शु. ३
आज पुन्हा दिघीला, वळणांच्या रस्त्यावर चालवून बघितली. अडचण. एका हातानं ते चाक वळत नाही. अर्ध्यावर नेलं की हात सुटतो नि चाक परत येतं. काल माळाला वळणं नव्हती म्हणून निभावलं. दा. म्हणाला, "बघा, झालं की न्हाई? इंजनच घ्या." आवाजात आनंद नव्हता, तेवढं बरं.
हे भिंतीकडं तोंड करून पडलेत. जेवले नाहीत.

माघ शु. ४
पहाटे मी उठले. सवयीनं जात्यापाशी गेले. दळण आता गिरणीत जातं, जातं कोपऱ्यात पडलंय, त्यावर कोंबडी बसते. तिला हाकललं. खुंट्यावर हात ठेवला. एका हातानं दगड फिरवतच जन्म गेला माझा. दुसऱ्या हातानं दाणे टाकायचे, मांडीवर हा दामू. कधी हात सुटला नाही, कारण खुंटा होता.
सुताराकडं गेले. म्हटलं, मोटारीच्या चाकाला खुंटा बसव. तो बघतच राहिला. "काकू, मोटारीत दळणार काय?"
"व्हय. पीठ तुझ्या घरी धाडीन."
माझाच खुंटा काढून दिला. गुळगुळीत झालेला आहे, हाताला लागायचा नाही.

माघ शु. ८
गाडी आली. दा.नंच आणली दिघीहून. म्हणे वाटेत लोक उभे राहून बघत होते. खाली उतरला तेव्हा त्याचं तोंड लहानपणी जत्रेतून यायचा तसं होतं. मला बघितल्यावर लगेच मुकादम झाला.
सुतारानं लोखंडी पट्टी घालून खुंटा आवळला. हे बराच वेळ नुसते फिरवत बसले, गाडी जागच्या जागी. मग म्हणाले, "कारभारीण, तू एवढं जड ओढत हुतीस?"
मी म्हटलं, आता कळलं होय.
इंजनाचं पुढच्या साली. कांद्याच्या पैशांचा डबा रिकामा झाला. बैल आहेत, मोट आहे. दा. म्हणाला, "मोट हाय, मोटार हाय, पाणी तेवढं न्हाई." हसू आलं मला. दाखवलं नाही.

माघ पौर्णिमा
मोशीला जाऊन आलो. दा. मागं बसला होता, हात पुढं करून, आबांनी काही केलं तर धरायला. काही केलं नाही. एसटीच्या मागं मात्र अडकलो. डावीकडं बसून पुढचं काही दिसत नाही. हे म्हणाले, "तू बघ, तुझ्याकडनं दिसतंय. सांग, जाऊ का?" मी मान बाहेर काढून सांगायची, थांबा, थांबा, आता चला. रूट चालवणारा माणूस मला विचारतोय!
उताराला वारं होतं. तेच. पदर मी आधीच खोचून घेतला होता, आता वय झालं. यांनी मफलर सोडून मांडीवर ठेवला.
परत आलो तर शेजारची बायजा दारातच. "काय वं काकू, उजव्या अंगाला बसलाय! मोटारीत सत्यनारायण घातलाय काय?"
म्हटलं, "घातलाय. परसाद न्हाई मिळायचा."
पण खरं आहे. बायको उजवीकडं बसते ती पूजेला. एरवी डावीकडं. दापोडीची ती विलायती घेतली असती, स्टेअरिंग उजवीकडचं, तर मी यांच्या मेल्या अंगाला बसले असते. यांचा उजवा हात अधूनमधून रिकामा होतो. तेव्हा गुडघ्यावर टेकतो. माझ्या.

फाल्गुन व. ४
यांना खोकला. रात्रभर.

फाल्गुन व. ५
वैद्यबुवा आले. नाडी बघायच्या आधी माझ्याकडं बघितलं. "सांगितलं हुतं वाऱ्यात न्हेऊ नका." दा. गाडीवर ताडपत्री टाकून आला.
मी खिडकीला पोतं पुन्हा ठोकलं. मीच.

फाल्गुन अमावास्या
खोकला कमी. माणूसही कमी. बोलत नाहीत, दोन घास खाऊन ताट सारतात. अंधाऱ्या खोलीत मला डावा पाय दिसत नाही. हलतो की नाही कसं कळणार.

चैत्र शु. १
गुढी उभारली. मग खुर्ची घेतली, वर चढले, खिळे उपसले, पोतं काढलं. दा. म्हणाला, "आई, वैद्यबुवा काय म्हनतील?"
म्हटलं, "त्या दुखण्याला वारं नाव कुणी ठेवलं ते विचार त्यांना. पायदुखी म्हटलं असतं तर मी काय जमीन उकरून टाकली असती?"
उजेड आत आला. हे डोळे मिटून पडले होते. म्हणाले, "पोळीला पीठ आपल्या जात्याचं हाय का?"
"खुंटा तुमच्याकडं हाय."
यांनी डोळे उघडले नि म्हणाले, "मंग ताडपत्री काढ म्हणावं."

वैशाख शु. ३
अक्षय तृतीया. आंब्याचा रस. सकाळी चाकणपर्यंत जाऊन आलो, पहिल्यांदाच एवढं लांब. बाजारात जुनी हमाल मंडळी गाडीभोवती जमली. एकजण म्हणाला, "शेठ, रूट पुन्हा सुरू केला का?" हे म्हणाले, "केला. एकच शीट हाय, ते भरलंय."
घरी येऊन मी रस जास्त वाढला. तेवढंच.

वैशाख व. १०
उन्हानं शिटा तापतात, म्हणून पहाटेच निघतो. यांची कूस बदलली, आजकाल भिंतीकडं पाठ करून उजव्या कुशीवर झोपतात. टाच काल पुन्हा हलली. आज नाही. मी रोज बघते. विचारत नाही, तेही सांगत नाहीत. वैद्यबुवा रस्त्यात भेटले, तोंड फिरवून गेले. त्यांनाही वारं लागलं असेल.

ज्येष्ठ शु. ५
दा. विटा घेऊन आला. उद्यापरवा मृग. गाडीची चाकं उचलून विटांवर ठेवायची, बॅटरी काढायची, ताडपत्री घट्ट बांधायची, मग दसऱ्यापर्यंत बघायचं नाही. टप दुरुस्त करायला पुण्याचा मिस्त्री नाही म्हणाला, सामान मिळत नाही. चार महिने. ते ऐकून हे म्हणाले, "दसरा लांब हाय." एवढंच.
आठमाही पाण्याला मळेकरी पीक बघून लावतो. गाडी घेताना मी या चार महिन्यांचा विचार केला नव्हता.

ज्येष्ठ शु. ७
सकाळपासून आभाळ भरलंय. पाऊस नाही. दा.नं ताडपत्री झटकली, विटा चार जागी रचल्या. "आई, किल्ली दे, गाडी वर घेतो."
मी ओट्यावर बघितलं. हे टोपी घालून बसलेत. अंघोळ झालेली, मफलर नाही. डावा पाय उजव्या हातानं उचलून पायरीच्या कडेला नीट ठेवलाय, निघायच्या वेळी ठेवतात तसा. आभाळाकडं बघत नाहीत. माझ्याकडंही नाही.
"आई, किल्ली."
किल्ली माझ्या कमरेला आहे. मोशीच्या बाजूला आभाळ थोडं उघडलेलं दिसतंय. मी पदर खोचून घेतला.