अकरावं ठिकाण

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

पाहिली. घेणार!

१९६७ची एमजी, ब्रिटिश मोटार. दोन सीट, कापडी टप, बाटलीसारखा हिरवा रंग. मार्केट यार्डात भुसार विभागात एका गुळाच्या गाळ्यामागे पत्र्याची शेड आहे, तिथे उभी. मालक आप्पासाहेब, गुळाचे जुने आडते, वय ब्याऐंशी. गुडघे गेले, क्लच दाबवत नाही, म्हणून विकायची. मुंबईचा एक व्यापारी रविवारी, सोळा तारखेला येणार आहे. तो इंजिन आणि चाकं काढून घेणार, बाकी भंगारात. “त्याच्या आधी काय ते ठरवा,” म्हणाले.

म्हणजे तेरा दिवस. पेपरच्या नोकरीत रोज संध्याकाळी सातला पान सोडलं. तेरा दिवस म्हणजे चैन!

घरी सांगितलं. मंदाकिनी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ठेवणार कुठे? गॅलरीत, तुळशीशेजारी?” कसबा पेठेत सायकल लावायला जागा नाही, हे मला ठाऊक आहे. ती ठाऊक असलेलीच गोष्ट सांगते, पण अशी की नवीन वाटावी.

मग हिंजवडीहून लेकीचा, कादंबरीचा फोन. आईने कळवलेलं दिसतंय. “बाबा, सीरियसली? गाड्यांवर लिहिलंत, ओके. पण लिहिणं वेगळं, घेणं वेगळं. गंजका डबा गळ्यात मारतील तुमच्या.”

माझ्या! बावीस वर्षं दर शनिवारी ‘अ. ना.’ अशी सही करून अख्ख्या पुण्याला जुनी गाडी कशी पारखायची ते मी शिकवलं. स्वतःकडे स्कूटरच्या पुढे कधी काही आलं नाही, हे खरं. म्हणून काय झालं?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज दोघींनी मिळून समजावलं. एक घरातून, एक स्पीकरवरून. उपयोग शून्य.

बुधवार, ५ नोव्हेंबर

नाना पेठेत हमीदभाईंकडे गेलो. चाळीस वर्षं पत्रा ठोकतायत. माझ्या सदरातली निम्मी अक्कल त्यांची होती. त्यांचं नाव मात्र मी एकदाही छापलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

“एमजी? उघडी? बघा हं साहेब,” म्हणाले. “वरचा रंग पेंटरचा असतो. गाडी खाली असते.”

“मला माहीत आहे,” म्हटलं.

“तुम्हाला तर सगळं माहीत असतं.” आणि हातोडी उचलली. पत्र्यावर दोन ठोके, बोटं फिरवायची, परत दोन ठोके. डोळे जवळजवळ मिटलेले.

गाडी आली तर त्यांच्या शेडमध्ये ठेवता येईल. हे मात्र आवर्जून म्हणाले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

फ्रिजवरचं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं चुंबक मंदाकिनीने परत मागितलं. दिलं नाही. कामाला तेच हवं. जोरदार चुंबक लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेल्या जागीसुद्धा, आतला पत्रा ओढून, चिकटून बसतं आणि फसवतं. अशक्त चुंबक खोटं बोलत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

रविवारी भुसार बंद. सगळीकडे शांत. हमाल नाहीत, टेंपो नाहीत, नुसता गुळाचा वास. आप्पासाहेब खुर्चीत बसून होते, टोपी, काठी, गाडीवर ओलसर चमक. दर रविवारी सकाळी स्वतः पाइप धरून धुतात म्हणे. आता खुर्चीत बसून.

खिशातून रुमालात गुंडाळलेलं चुंबक काढलं.

“रुमाल कशाला?” त्यांनी विचारलं.

“रंगाला ओरखडा नको.”

“बरोबर,” म्हणाले. मास्तर पाठांतर ऐकतात तसे!

दोन तास तपासली. माझ्याच जुन्या यादीप्रमाणे — दहा ठिकाणं, तोंडपाठ आहेत. दिव्यांच्या कडांमागे बोट घातलं. चारही मडगार्डांच्या आतून हात फिरवला. दारांच्या खालच्या कडा, बॅटरीखालचा पत्रा, डिकीत स्टेपनीखालचा खळगा, कार्पेट उचलून तळ. कुठे फुगवटा नाही, कुठे पापुद्रा नाही. मग मागे जाऊन खाली बसलो आणि गाडीच्या अंगावरून नजर टाकली. अपघात झालेला पत्रा कितीही सरळ केला तरी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिथे लचकतं. इथे ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलं. फक्त मागच्या डाव्या मडगार्डावर एका जागी, रुपयाएवढी असेल, चुंबक घसरलं.

“चौऱ्याण्णव साली ढेपांची हातगाडी लागली,” आप्पासाहेब मी विचारायच्या आधीच म्हणाले. “तिथे लांबी आहे. बाकी कुठे सापडली तर गाडी फुकट न्या.”

नाही सापडली!

घरी येऊन मंदाकिनीला म्हटलं, एका जागी रुपयाएवढा डाग, बस. ती म्हणाली, “अभिनंदन. चुंबक फ्रिजला लावा.”

सोमवार, १० नोव्हेंबर

काहीतरी टोचतंय.

डेस्कवर असताना एकही चूक नसलेलं प्रूफ आलं की मी ते परत पाठवायचो. चूक नाही याचा अर्थ बहुतेक वेळा कुणी वाचलेलं नाही. अठ्ठावन्न वर्षांची गाडी. पुण्याचे अठ्ठावन्न पावसाळे. आणि माझ्या दहाच्या दहा जागा कोऱ्या?

खालून जाड काळा लेप होता. डांबरासारखा. तो काय झाकतोय?

हमीदभाईंना फोन केला. बुधवारी चला म्हटलं. “मला वाटलंच,” म्हणाले. काय वाटलं ते सांगितलं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लिहायला हात होत नाही. पण तारीख पडली की लिहायचं, हा नियम.

हमीदभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. चुंबक नाही, यादी नाही. म्हणाले, “साहेब, तुमचं झालं ना सगळं? आता जॅक आणा.”

आधी त्यांनी दार दोनदा उघडलं, लावलं. सहज लागत होतं. मग पुढच्या चाकामागे, फळी ठेवून, जॅक लावला आणि गाडी वीतभर उचलली. “आता लावा दार.”

लागेना! मागच्या पत्र्यावर घासलं आणि अडकलं. जोर लावला तर रंगाचा टवका उडाला.

“मधोमध वाकली,” हमीदभाई म्हणाले. “पत्र्याच्या टपाच्या गाडीला वरून आधार असतो. ही उघडी. हिचा सगळा भार दाराखालच्या उंबऱ्यावर.” तो उंबरा म्हणजे आतून पोकळ पेटी. बाहेरून काळ्या लेपात गुळगुळीत. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि दाबला. मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तसं तपकिरी पाणी आलं, मग ओल्या चहापत्तीसारखा गंज. दुसऱ्या बाजूलाही तेच.

माझं डोकं फिरलं. दोन तास मान डोलावत बसले होते हे गृहस्थ! म्हटलं, “आप्पासाहेब, लेप थापून लपवलंत!”

काठी टेकवत उठले.

“लपवलं? मी? साठ वर्षं या धंद्यात आहे. वर पिवळी ढेप आणि खाली काळी, असा माल माझ्या गाळ्यातून एकदा तरी गेलाय का, विचारून या जा कुणालाही. दर मे महिन्यात लेप देतो मी. एकवीस वर्षं. पेपरात वाचून देतो! शहाण्या माणसाने लिहिलेलं आहे ते, तुमच्यासारख्याने नाही!”

वजनकाट्याशेजारच्या खिळ्यावरून त्यांनी एक कात्रण काढलं. लॅमिनेट केलेलं. माझ्या हातात कोंबलं.

‘जुनी गाडी : गंज तपासण्याची आणि रोखण्याची दहा ठिकाणं.’ खाली, उजव्या कोपऱ्यात — अ. ना.

प्रत्येक मुद्द्यापुढे पेन्सिलीने वर्षं लिहिलेली. २००४, ०५, ०६... अगदी या मे महिन्यापर्यंत. एक वर्ष सुटलेलं नाही.

मी कात्रण परत दिलं. हमीदभाईंनी जॅक उतरवला आणि आम्ही निघालो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

माळ्यावरचा खोका काढला. माझ्या प्रत्येक लेखाचं शेवटचं प्रूफ मी ठेवलंय. मंदाकिनी शिडी धरून उभी होती, एक अक्षर बोलली नाही. म्हणजे माझा चेहरा फारच पडला असणार.

मे २००४. सापडलं.

मथळा होता — ‘अकरा ठिकाणं’. ‘अकरा’वर माझी लाल रेघ, वर माझ्याच अक्षरात ‘दहा’. शेवटचा परिच्छेद पूर्ण खोडलेला. समासात : ‘जाहिरात आली, ६.४०. शेवट काढला.’

तो परिच्छेद असा :

‘अकरावं आणि सर्वांत महत्त्वाचं. दाराखालच्या पोकळ उंबऱ्याच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. खालून लेप देताना ती बुजू देऊ नका. दर पावसाळ्यानंतर तारेने मोकळी करा. भोकं बुजली तर लेप गाडीला वाचवत नाही, आतून कुजवतो. उघड्या गाडीला जॅक लावून दार बंद होतं का, हेही पाहा.’

त्या माणसाने दहाच्या दहा मुद्दे पाळले. दर मे महिन्यात लेप दिला, भोकांसकट. दर रविवारी गाडी धुतली. एकवीस वर्षं पाणी आत जात होतं आणि बाहेर पडायची वाट मी वीस मिनिटांत, लाल पेनाने, बंद केली होती.

मथळा मी दुरुस्त केला. आकडा चुकू नये म्हणून! लेख ठेवून द्यायचा, पुढच्या शनिवारी पूर्ण छापायचा — हे सुचलंच नाही. पान वेळेवर सुटलं, याचाच आनंद. आणि गेली एकवीस वर्षं मी स्वतःही छापलेलीच दहा पाठ म्हणत आलो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

घरात सण असल्यासारखं. “सुटलो,” मंदाकिनी म्हणाली. कादंबरी म्हणाली, “बघा, वाचलात! आता प्लीज विषय बंद.”

“घेणारच आहे,” म्हटलं.

“अहो, कुजलीय ती!”

“म्हणूनच.”

मंदाकिनीने माझ्याकडे पाहिलं. प्रूफ टेबलावरच होतं, तिने वाचलेलं असणार. चुंबक मीच फ्रिजला लावून टाकलं.

हमीदभाईंना प्रूफ दाखवलं. मराठी हळूहळू वाचतात, ओळीवर बोट ठेवून. “ही भोकं, हा जॅक — हे मीच सांगितलेलं तुम्हाला. इथेच, स्टुलावर बसून चहा घेत होतात. पेपरात आलं नाही. मला वाटलं, साहेबांना पटलं नसेल.”

एकवीस वर्षं त्यांना असं वाटत होतं!

“उंबरे नवे होतील?” विचारलं.

“पत्रा आहे, का नाही होणार? जुना कापायचा, गाडी टेकू देऊन सरळ धरायची, नवा वाकवून जोडायचा. सहा महिने. पण घाईचं काम नाही हं. तुमचं सात वाजता पान, तसलं इथे चालत नाही.”

शनिवार, १५ नोव्हेंबर

गेलो. प्रूफ घेऊन. त्यांनी खुर्ची दिली नाही, मी मागितली नाही.

“अ. ना. म्हणजे मीच,” म्हटलं. “तुम्ही काही लपवलं नाहीत. मी कापलं होतं.”

प्रूफ चष्म्याजवळ धरून त्यांनी वाचलं. मग खिळ्यावरचं कात्रण काढून शेजारी धरलं. पुन्हा दोन्ही वाचली. बाहेर हमाल कुणाला तरी शिव्या देत होता, त्या सगळ्या ऐकून झाल्या.

“तरीच रुमाल,” म्हणाले. “चौथा मुद्दा.” मग, “जाहिरात कसली होती?”

“गाद्यांची.”

“गाद्यांची,” ते म्हणाले. “म्हणजे माझी गाडी गाद्यांनी खाल्ली.”

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही. सबब द्यावी असं क्षणभर वाटलं — दडपण असतं, जाहिरात खात्यापुढे कुणाचं चालत नाही, सगळे तेच करतात. नाही दिली. म्हटलं, “गाडी मला द्या. आहे तशी. उंबरे मी नवे करून घेतो. मुंबईवाल्याला देऊ नका.”

“उद्या या,” म्हणाले. कात्रण परत खिळ्याला लावलं. प्रूफ मात्र दिलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

मुंबईवाल्याला आप्पासाहेबांनी फाटकातूनच परत पाठवलं. मग मला : “तुम्हालाही विकत नाही. कुणालाच नाही. गाडी हमीदभाईंकडे न्या, उंबरे करा, रोज स्वतः हजर राहा. झाली की क्लच तुम्ही दाबायचा. शेजारी मी बसणार.” काट्याशेजारी आता खिळे दोन आहेत, दुसऱ्यावर माझं प्रूफ.

कादंबरी : “म्हणजे बाबा, गाडी पण नाही, आणि काम पण तुमचंच?”

हो!