आईचा गुडघा आणि विधानसभेचा निकाल

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू
रविवार सकाळ

तीर्थरूप दामोदरमामांना भाचा शुभंकरचा साष्टांग नमस्कार.

(कागदावरचं पत्र मी शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितोय, आणि तेव्हाही ते इंग्लिशमध्ये, प्रिन्सिपॉल मॅडमना, पोट दुखत असल्याचं. मायना आईला विचारून घातलाय, चुकला असेल तर तिला बोला.) तुमची शुगर कशी आहे? मामींचा खोकला गेला का? फोन केला की मामी "आम्ही मजेत, थांब यांना देते" म्हणतात, मग कुकरची शिट्टी ऐकू येते आणि फोन कट होतो. आठ महिन्यांत सहा वेळा तीच शिट्टी झाली. मी काय समजायचं ते समजलो, म्हणून पोस्टाने येतोय.

मुद्द्याचं आधी सांगतो. आईचा उजवा गुडघा बदलायचाय. तारीख बावीस ठरलीये, डॉक्टर चांगले आहेत, माझ्या कंपनीच्या पॉलिसीत आईचं नाव आहे. फक्त आई संमतीच्या फॉर्मवर सही करत नाहीये. फॉर्म तिने तिच्या पर्समध्ये ठेवलाय आणि पर्सला कोणाला हात लावू देत नाही. जिने आता बंद, बाजार बंद, रात्री कूस बदलतानाही कळ येते, तरी सही नाही. का नाही ते सांगतो, पण त्यासाठी मला आपल्याकडच्या विधानसभेच्या निकालापर्यंत मागे जावं लागेल.

त्या दिवशी माझ्या चॅनलवर (तेव्हा सबस्क्रायबर दोनशे बारा, आता दोनशे नऊ, गेलेले तिघे तुमच्या घरचे) मी आरोग्य धोरणावर बोललो. माझं म्हणणं आजही तेच आहे. सरकारने नियम नीट करावेत, गरिबाला विम्याचं कवच द्यावं, दवाखान्यांत स्पर्धा होऊ द्यावी, आणि दवाखाना कुठला हे पेशंटला ठरवू द्यावं. दर निवडणुकीत दोन्हीकडचे लोक काहीतरी नवीन मोफत जाहीर करतात आणि जुन्या दवाखान्याचं छत तसंच गळत राहतं, हे मला पटत नाही. इथपर्यंत ठीक होतं. पण बोलता बोलता मी म्हणून गेलो की माझे एक मामा चौतीस वर्षं आरोग्य खात्यात होते, आणि स्वतःला ताप आला की गल्लीतल्या खाजगी डॉक्टरकडे जातात. मामा, ते वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतं. लाइव्हला समोर कोणी दिसत नाही, त्यामुळे माणूस जास्त बोलतो.

त्यावर तुम्ही फॅमिली ग्रुपवर लिहिलंत, "काहून रे, तुझी ती स्पर्धा गडचिरोलीत कोण करायला येते, तेवढं सांग," आणि ग्रुप सोडलात. सोडण्याआधी आईचा अंगठा बघितलात, माझ्या व्हिडिओखाली दिलेला. तुम्हाला वाटलं बहीण भाच्याच्या पार्टीत गेली. मामा, आई सगळ्यालाच अंगठा देते. उद्या पाणी येणार नाही या मेसेजलाही देते. आमच्या मजल्यावरचे काका गेले त्या मेसेजलाही तिने दिला होता, मी धावत जाऊन काढायला लावला.

आता गुडघ्याकडे येतो. (येतोच आहे.) मी ठरवलं की आपण जे बोलतो ते करून दाखवायचं. तीन हॉस्पिटलं निवडली, लॅपटॉपवर तक्ता केला, आणि तिन्हीकडे जाऊन साधा प्रश्न विचारला, गुडघा केवढ्याला? पहिल्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, इन्शुरन्स की कॅश? म्हटलं, आधी रेट सांगा. ती म्हणाली, सर, आधी ते सांगा, मग रेट. दुसरीकडे पॅकेज होतं, पण त्यात वॉकर नव्हता, फिजिओ नव्हता, आणि बारीक अक्षरातलं वाचलं तर जवळजवळ गुडघाही नव्हता. तिसरीकडे मला कॉफी दिली आणि खोलीतून दिसणारं तळं दाखवलं. माझा तक्ता अजून रिकामाच आहे. तुम्ही आता हसाल, हसा. पण मी बाजू बदललेली नाही. पेशंटला निवड द्यायची तर रेटचा बोर्ड दारावर पाहिजे, आणि तो लावायला भाग पाडणं हे सरकारचं काम आहे, हे मी पुढच्या व्हिडिओत स्पष्ट म्हणणार आहे. (एवढ्यावर आपलं एकमत झालं असं मी धरून चालू का?)

मध्येच बेंगळुरूबाहेरच्या होसकोटेलाही जाऊन आलो. इथल्या निवडणुकीला वेळ आहे, पण जनतेचा कल आधीपासून घेतलेला बरा. कारखान्याच्या गेटसमोर चहाच्या गाडीवर मी अकरा जणांना आरोग्याबद्दल विचारलं. अकराही जण माझ्याशी पूर्ण सहमत होते. मग चहावाल्याने हिंदीत विचारलं, साहेब, तुमचं व्होट कुठे? म्हटलं, नागपूरला. त्यानंतर सगळे इतक्या प्रेमाने हसले की त्याने चहाचे पैसेच घेतले नाहीत.

मी हे सगळं करत असताना आईने काय केलं बघा. आमच्या घरमालकीण जमनाक्का, जुन्या बेंगळुरूच्या मराठी. ("आमी शहाजीराजांच्या वेळेला आलो, तू कालचा पोरगा" हे त्या भाडं घेतानाही सांगतात.) दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी, मी आतल्या खोलीत लाइव्ह होतो, विषय होता सरकारी दवाखाने काळाच्या मागे का पडले. तेवढ्या वेळात जमनाक्का आईला रिक्षात घालून कोपऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. मी पन्नास मिनिटं बोललो आणि त्या पंचेचाळीस मिनिटांत परत आल्या, बीपी बघून, गोळ्या घेऊन. मी म्हटलं, अक्का, मला विचारायचं तरी. त्या म्हणाल्या, "तू टीव्हीत होतास रे, कसं विचारणार? सरी, आता स्वल्प भात खा." (सरी म्हणजे बरं.)

तिथल्या नर्सबाईंनी आईचे एक्स-रे बघून सांगितलं, ऑपरेशन करा, घाबरू नका. आणि मग कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. जमनाक्कांनी त्याचं मराठी केलं, "घरी कोन हाय, विचारते. सहा आठवडे हात धरून चालवायला."

मामा, तीन हॉस्पिटलांत हे कोणीच विचारलं नव्हतं. माझ्या तक्त्यातही तो रकाना नव्हता.

आईने उत्तर दिलं, माझा भाऊ आहे. आणि घरी येऊन फॉर्म पर्समध्ये टाकला. आता विचारलं की एकच वाक्य, "भाऊ येईल तेव्हा बघू." मी सांगितलं, मी घरून काम करतो, मी आहे. ती म्हणाली, तू बोलतोस खूप, चालवणारं माणूस पाहिजे. बाबांच्या आजारपणात तुम्ही दोन महिने रोज सायकलने येत होतात, तेही तिने काढलं. माणसाचा पहिला विमा म्हणजे त्याचे नातेवाईक, हे मी व्हिडिओत नेहमी सांगतो. माझ्याच घरातला विमा माझ्या एका वाक्याने बंद पडलाय, हे मला त्या गुरुवारी कळलं.

मामींना नमस्कार. पत्र लांबलं, क्षमा असावी.

तुमचा भाचा,
शुभंकर

ता. क. एकोणीस तारखेचं तुमचं तिकीट काढलंय, खालचा बर्थ. परतीचं काढलेलं नाही. प्लीज या.

ता. क. २. व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही, कारण माझं मत तेच आहे. पण तुमच्याबद्दलचं वाक्य कापलंय. ते खोटं नव्हतं, पण मी ते सांगायला नको होतं. चुकलो. इथे आलात की दवाखान्यांवर रोज संध्याकाळी भांडू, आईला चालवून झाल्यावर.

ता. क. ३. आई म्हणते पाकीट मी चिकटवते, म्हणून उघडंच तिच्याकडे देतोय.

भाऊ, यानं लिहिलेलं सगळं वाचलं. फॉर्मवर सही मी मंगळवारीच करून जमनाक्काच्या हाती हॉस्पिटलात पाठवली. पण ते कळलं असतं तर यानं तुला पत्र लिहिलं नसतं, दुसरा व्हिडिओ केला असता. तू मात्र ये, मला भीती वाटते. आणि अंगठ्याचं मनात ठेवू नको. मत मी दर वेळी तुझ्याच पार्टीला देते. याला सांगू नको, पोट्ट्याचा उत्साह जाईल.

तुझी अंजू